सून पीएचडी करून राहिली

मी सांगलीकडची. लग्न होऊन नागपूरजवळ कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत आले, तेव्हा मराठीतून मराठीत भाषांतर करत जगावं लागेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न ठरल्यावर फोनवर नवरा माझ्याशी अगदी पुस्तकातलं बोलायचा. लग्न झालं आणि त्याचं पुस्तक मिटलं. "काहून?", "कायले?", "मंग?" सुरू झालं. मी प्रत्येक वाक्याला क्षणभर थांबायची. लोकांना वाटायचं सून मोठी शांत आहे. शांत कसली, माझ्या नाकावर कायम राग. फक्त समजून घेण्यात वेळ जात होता म्हणून तो बाहेर यायला उशीर व्हायचा.

पहिल्याच रविवारी सासूबाई मला विहारात घेऊन गेल्या. वंदना झाली, बायकांनी मला घेरलं, कुणी हात धरला, कुणी माहेर विचारलं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझी ओळख करून दिली.

"हे माही सून. पीएचडी करून राहिली."

मी हसून हात जोडले आणि आतून पेटले. आमच्याकडे 'करून राहिली' म्हणजे केलं, संपवलं आणि मग राहिली. म्हणजे काय, तर हिने पीएचडी केली आणि आता घरात राहिली. एवढं शिकून शेवटी पोळ्या लाटायला आली! चार बायकांसमोर पहिल्याच दिवशी असा टोमणा? बरं, टोमण्यातली अर्धी माहितीही चुकीची. मी पीएचडी केलेली नव्हती. मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि पुढचा अर्ज करायच्या आधीच माझं लग्न ठरलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याच्या स्कूटरवर बसून नागपूरच्या बाजारात, बर्डीला, निघालो तेव्हा मी मागून सगळं ओतलं. तुझ्या आईला माझं शिक्षण टोचत असेल तर सरळ सांगावं, असं लोकांत बोलू नये, वगैरे. त्याने आधी ऐकून घेतलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय की काय. त्याने स्कूटर कडेला घेतली आणि हेल्मेट काढून हसत बसला. शेजारून कोळशाचे ट्रक धडधडत जात होते आणि हा हसतोय. मग त्याने मला शिकवलं की करून राहिली म्हणजे करते आहे. जेवून राहिली म्हणजे जेवते आहे. तू रागावून राहिली म्हणजे तू आत्ता रागावते आहेस. टोमणा नव्हता तो, आई कौतुक करत होती.

माझा राग तिथल्या तिथे विरला. पण पुढच्याच क्षणाला मला दुसरी गोष्ट सुचली. "अरे, पण मी पीएचडी करत तरी कुठे आहे? मी अजून अर्जही केला नाही."

"ते तर खोटंच हाय," तो म्हणाला. "पण आता आईनं सांगितलं ना."

म्हणजे विषय संपला. त्यांच्या घरात आईने सांगितलं की ते झालेलंच असायचं.

खरं तर यात माझाही हात होता. मला बघायला आले तेव्हा मीच छाती काढून म्हटलं होतं की मला पुढे पीएचडी करायची आहे. इतर स्थळं हे ऐकून चहा संपवायची घाई करत. सासूबाई मात्र पुढे सरकून बसल्या आणि कशात करायची ते विचारलं. मी गवतांबद्दल बोलत सुटले. त्यांना कितपत कळलं कुणास ठाऊक, पण उठताना त्यांनी माझ्या आईला सांगितलं की पोरगी आमची. मी 'करायची आहे' म्हटलं होतं. त्यांनी मधला सगळा काळ गाळून टाकला, एवढंच.

आणि तो मधला काळ मी काही केल्या संपवत नव्हते.

तसं मला सगळं तयार मिळालं होतं. संशोधनाचा विषय तर आपणहून दारात आला. कोराडीला वीज केंद्राच्या कोळशाची राख सगळीकडे असते. गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या की त्यांवर जुनी ओढणी टाकावी लागते, नाहीतर राखेच्या कुरड्या तळाव्या लागतील. राखेच्या बंधाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला फिरायला गेले की मला दिसायचं, जिथे काहीच उगवू नये अशा त्या करड्या भुकटीत एक गवत मजेत उभं आहे. ते तिथे कसं जगतं, त्याच्या मुळाशी काय चालतं, हे शोधायला मला आवडलं असतं. मी त्याचे ठोंब उपटून आणायची आणि बाल्कनीत डब्यांत लावायची. सासूबाई त्याला 'तुहा कचरा' म्हणत आणि रोज न चुकता त्या कचऱ्याला पाणी घालत.

पण अर्ज? अर्जाचं भिजत घोंगडं. पहिल्या वर्षी वाटलं, नवीन घर आहे, जरा बसू दे. मग शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तेव्हा वाटलं, एवढं सत्र झालं की भरते. मग दिवस राहिले. मुलगी झाली. ती बसायला लागली की भरते, चालायला लागली की भरते, बोलायला लागली की भरते. ती चांगली घडाघडा बोलायला लागली, तेव्हा मी म्हटलं, शाळेत जाऊ लागली की भरते. दरवर्षी मी सगळ्या संस्थांची माहितीपत्रकं उतरवून घ्यायची, कुठे कोणती प्रवेश परीक्षा लागते, कुणाला शिफारसपत्रं दोन हवीत आणि कुणाला तीन, मुलाखतीला काय विचारतात, सगळं वाचून काढायची. शेवटची तारीख येईपर्यंत माझा अभ्यास अगदी पक्का झालेला असायचा. मग ती तारीख जायची आणि मला, खोटं कशाला बोलू, हलकं वाटायचं.

इकडे माझ्याशिवाय माझी पीएचडी मात्र छान चालली होती. पहिल्या वर्षी विहारातल्या बायकांना कळलं की मला गाईड भेटले. दुसऱ्या वर्षी मी 'नमुने गोळा करून राहिली' होते. बाल्कनीतला कचरा त्याला पुरावा. मुलगी पोटात असताना सासूबाईंनी पीएचडी जरा थांबवली, आणि ती सहा-सात महिन्यांची झाल्यावर पुन्हा सुरू केली. जो अर्ज मी भरलाच नव्हता, त्याची प्रसूती रजाही मला मिळाली! मी एकदा हात जोडून म्हटलं, आई, आता लोक मला प्रबंधाचं नाव विचारायला लागलेत, काय सांगू? त्या म्हणाल्या, सांग की गवतावर हाय.

आणि हे खोटं मला सोयीचं होतं हेही सांगते. कुणाकडे बारसं असो, साखरपुडा असो, सकाळपासून पुऱ्या लाटायला सुनांना बोलावणं यायचं. सासूबाई स्वतः जायच्या आणि माझ्याबद्दल एकच सांगायच्या की तिले वेळ नाही, ते पीएचडी करून राहिली. मी त्या वेळात कॉलेजचे पेपर तपासायची, नाहीतर कूलरसमोर पाय पसरून झोपायची. जाग आली की सासूबाई पुऱ्यांच्या वासाची साडी बदलत असायच्या आणि विचारायच्या, झालं का काही? मी पेपर झाले म्हणून सांगायची. त्या मान हलवायच्या. एकदाही कुत्सित बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

असं करत करत गाडी शेवटच्या स्टेशनाजवळ आली. संशोधनासाठी जी फेलोशिप मिळते तिला वयाची अट असते. बायकांना त्यात थोडी सूट असते, आणि माझी ती सूटही संपत आली होती. त्या वर्षी अर्ज केला तरच जमणार होतं. फेलोशिप नाही तर पाच वर्षं शहराबाहेर राहून शिकणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही. इतकं साधं होतं ते, आणि तरी घरात चर्चा सुरू झाली. माझ्या आईने फोनवर सल्ला दिला की आधी दुसरं मूल होऊ दे, मग मोकळी होशील. मी म्हटलं, पहिलं झाल्यावर मी कुठे मोकळी झाले? नवऱ्याचं म्हणणं, तू ठरव, मी आहेच. ही असली वाक्यं मला भयंकर राग आणतात. 'तू ठरव' म्हणजे उद्या बिघडलं तर तूच ठरवलं होतंस. सासूबाईंनी एवढंच विचारलं की तारीख कधीची आहे. मी सांगितली. त्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि त्या दिवसावर, जिथे गॅसचं नि दुधाचं लिहितात तिथे, 'सून' असं लिहून आल्या. तरीही माझा हात अर्जाकडे जात नव्हता.

त्याच दिवसांत एका दुपारी कॉलनीतली एक मुलगी माझ्याकडे आली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, रसायनशास्त्र. सासूबाईंनीच पाठवली होती. बसली, पाणी प्यायली आणि वही उघडून मला म्हणाली, काकू, पीएचडीले अर्ज लगेच करू का एखादं वर्ष थांबून करू? घरचे म्हणतात एक वर्ष नोकरी कर, प्रोफेसर म्हणतात लगेच कर.

मला कुणी असं विचारलं की मी सुटते. पाऊण तास मी तिला सांगत होते. थांबायचं तर कशासाठी थांबते आहेस ते आधी नीट सांगता आलं पाहिजे. प्रयोगशाळेत वर्षभर काम करून हात तयार करायचा असेल, नक्की काय शिकायचं तेच कळत नसेल, घरात खरंच कुणाला तुझी गरज असेल, तर खुशाल थांब, त्या थांबण्याचा उपयोग होतो. पण एवढं झालं की करते, तेवढं झालं की करते, असं असेल तर थांबू नकोस. त्याला अंत नसतो. तयारी पूर्ण झाल्यासारखी कधीच वाटत नाही. वाटण्याची वाट बघशील तर वय निघून जाईल. मी इतकं छान बोलत होते की ती लिहायची थांबून नुसती ऐकत राहिली. आणि बोलता बोलता माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. कानाखाली कुणी दिल्यासारखं वाटलं.

ती चपला घालत असताना मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, हे बघ, मी तुला अंधारात ठेवणार नाही. मी पीएचडी करत नाही. मी अर्जच केलेला नाही आजपर्यंत.

"हो काकू, माहीत हाय," ती म्हणाली. "सगळ्या कॉलनीले माहीत हाय."

मी दाराला धरून उभी. मग माझ्याकडे कशाला आलीस, असं कसंबसं विचारलं. ती सहज म्हणाली की फॉर्म कुठचा कसा भरायचा हे तुमच्याइतकं नागपुरात कुणाले माहीत असेल? आणि आजी तुमच्या पीएचडीचं इतकं मन लावून सांगतात, त्यांना कोण नाही म्हणणार.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंनी कॉलनीतली बालवाडी कितीतरी वर्षं चालवली होती. वीज केंद्रातला तिशीतला निम्मा स्टाफ त्यांच्या मांडीवर बसून ग म भ न शिकलेला. ज्यांचं नाक त्यांनी पदराने पुसलं, ते त्यांना तोंडावर खोटं कसं पाडणार? विहारातल्या त्या बायका माझी चौकशी करत तेव्हा त्या खोटं तपासत नव्हत्या. त्या सासूबाईंबरोबर माझी वाट बघत होत्या. कॉलनीच्या कॉलनी माझ्या अर्जासाठी इतकी वर्षं धीराने थांबली होती आणि मी आपली समजत होते की कुणाला पत्ता नाही. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी तशीच दारात बसले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, काय सांगितलं तिले? मी सांगितलं, थांबू नको म्हणून.

"अन् तू?"

मी त्या संध्याकाळी अर्ज भरायला बसले. तारखेची वाटही बघितली नाही.

पुढचं सगळं धावपळीत गेलं. परीक्षेचा अभ्यास मी कॉलेजला जाता-येता बसमध्ये केला. त्या काळात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. परीक्षा पार पडली आणि हैदराबादच्या एका संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, वीज केंद्रातलं एक युनिट दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं, अशा वेळी कुणालाच सोडत नाहीत. तेव्हा मी, मुलगी आणि सासूबाई अशा तिघी रेल्वेने गेलो. मी आत मुलाखतीला, आणि या दोघी बाहेर झाडाखाली चिवड्याचा डबा उघडून.

आत त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, एमएस्सीनंतर इतकी वर्षं काय केलंत? मला वाटलं होतं मी लटपटेन. पण मी त्यांना राखेतल्या गवताचं सांगितलं. बाल्कनीतल्या डब्यांत कोणतं तगलं, कोणतं मेलं, साध्या मातीत लावलं तर ते उलट कसं रुसतं, उन्हाळ्यात काय होतं. एक बाई चष्मा काढून पुढे झुकल्या आणि विचारलं की एवढी वर्षं रोज पाणी कोण घालत होतं. मी सांगितलं की त्या बाहेर बसल्या आहेत. सगळे हसले. मी बाहेर आले तेव्हा सासूबाई कुणा एका बाईशी मोडक्या हिंदीत गप्पा मारत होत्या, भाषा कळो न कळो. मुलगी तिथल्याच चार पोरांबरोबर मातीत खेळत होती. परतीच्या गाडीत सासूबाई नेहमीपेक्षा गप्प होत्या. मला वाटलं दमल्या असतील.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा विहारात खिरीचं पातेलं चढलं. बायकांनी इतकी वर्षं धरून ठेवलेलं हसू एकदाचं सोडलं. सासूबाईंना चिडवून झालं की आता खरी पीएचडी करून राहिली बरं का तुही सून. त्याही खो खो हसल्या.

घरात मात्र एक गोष्ट बोलायची होती आणि आम्ही सगळे तिच्याभोवती फिरत होतो. मुलीचं काय? संस्थेत मुलींच्या वसतिगृहात एकटीलाच राहता येणार होतं. पत्रात तेवढंच लिहिलं होतं, एवढीच मला माहिती. वेगळं घर घेणं परवडणारं नव्हतं. नवऱ्याला पाळ्या असायच्या, आणि त्याची बदली होण्यासारखी नव्हती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, पोरगी माह्याजवळ राहीन, तू बिनघोर जा. मी दर महिन्याला येईन असं ठरलं. रात्रीतून गाडी पोचते, काही फार लांब नाही, असं मी दिवसातून चारदा स्वतःला सांगायची.

माझी नणंद बुटीबोरीला असते, तिचा नवरा तिथे कारखान्यात आहे. ती पेढे घ्यायला आली आणि जेवताना सगळ्यांसमोर हसत हसत बोलली. "वहिनी, आईले भोळी समजू नका. तिले नात पाहिजे. तुम्हाले फॉर्म भर, फॉर्म भर करून हैदराबादले लावून देईन अन् पोरगी ठेवून घेईन."

माझ्या हातातला घास ताटात पडला. मी नणंदेला जे बोलले ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. ज्या बाईने माझ्यासाठी लोकांच्या पुऱ्या लाटल्या, कॉलनीभर खोटं बोलली, तिच्याबद्दल तिच्याच लेकीने असं बोलावं? नवरा मध्ये पडला. नणंदही रडकुंडीला आली, म्हणाली मी गंमत केली. सासूबाईंनी दोघींच्या ताटात भात वाढला. मला वाटलं, किती लागलं असेल त्यांना. मी त्या दिवशी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसले.

जायचे दिवस आले. एका दुपारी मी माझी बॅग भरत होते. मुलगी शाळेत होती. सासूबाई आल्या आणि पलंगावर बसल्या. त्यांच्या हातात मुलीचे धुऊन घडी घातलेले कपडे होते. त्यांनी ते माझ्या बॅगेत, माझ्या साड्यांवर ठेवले. मी म्हटलं, आई, हे तिचे आहेत, चुकून आणलेत.

"चुकून नाही," त्या म्हणाल्या.

मी हातातलं काम थांबवलं. त्या खाली बघून बोलत होत्या, घडी घातलेल्या फ्रॉकला पुन्हा घडी घालत.

"तिथं झाडाखाली ते बाई बोलली ना माह्याशी, तिची सून पण तिथंच शिकून राहिली. लेकराबाळांच्या बायांले दोन खोल्या देतात म्हणे. पाळणाघर हाय, शाळा हाय. मले बोट धरून दाखवून आणलं तिनं. दोरीवर लहान-लहान कपडे होते. मी पाहून आली अन् तुले सांगितलं नाही."

मी फक्त विचारलं, का नाही सांगितलं?

"माही लेक जेवताना बोलली ते खरं होतं वं. तुले फॉर्म भर म्हणत होती ते तुह्यासाठीच. पण तिथून आल्यावर मले पोरगी सोडवेना. वाटे, सांगतो उद्या. उद्या सांगतो. असं करून राहिली होती मी."

मला राग यायला हवा होता. माझा राग किती तयार असतो ते मी आधीच सांगितलं आहे. महिनाभर मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते, लेकीला सोडून जायचं म्हणून, आणि ह्यांना ठाऊक होतं की सोडायची गरजच नाही. पण मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या अशा बसल्या होत्या, जसं बालवाडीतलं एखादं पोर चूक कबूल करून मार खायची वाट बघतं. माझ्याने राग धरवलाच नाही. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि म्हटलं, आई, तुम्हीही चला आमच्याबरोबर.

"मंग याले कोण पाहीन," त्या म्हणाल्या. याले म्हणजे माझ्या नवऱ्याला, चांगल्या पस्तिशीच्या माणसाला. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला त्या खोल्यांचा अर्ज आजच पाठवायला लावला. मी समोर बसून मोबाइलवरून पाठवला. गेला का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. गेला, म्हटल्यावर त्या उठल्या आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"जाईपर्यंत तिले माह्याजवळ झोपू देशील?"

मी मान हलवली. जन्मल्यापासून ती एक रात्रही त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाजवळ झोपली नव्हती.